रोज जवळ बाळगायची छोटी टॉर्च: कमी पैशांत नीट निवडायची कशी

'टॅक्टिकल टॉर्च' असं शोधलं की तीनशे रुपयांची 'दहा हजार ल्यूमेन'वाली आणि तीन हजार रुपयांची हजार ल्यूमेनवाली (ल्यूमेन म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) अशा दोन टॉर्च शेजारी शेजारी समोर येतात. दोन्ही काळ्या, दोन्हींच्या तोंडाला दाते, दोन्हींच्या फोटोत कुणीतरी कमांडो. नव्याने घेणाऱ्याने यातून काय समजायचं? बरेच जण स्वस्तातली उचलतात, ती एक पावसाळाही काढत नाही, आणि मग 'मोबाइलचा उजेड आहेच की' म्हणून विषय सोडून देतात.

ट्रेकला नव्याने येणाऱ्या मंडळींना आणि गावाकडच्या नातेवाइकांना टॉर्च निवडून देताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे क्रमाने देतो आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे: जास्तीत जास्त ल्यूमेन हा सगळ्यात शेवटी बघायचा आकडा. त्याआधी सेल कोणता, बटण कसं आणि सगळ्यात मंद उजेड किती, या तीन गोष्टी बघा. या तीन जमल्या की दीड-दोन हजारांच्या आसपासही वर्षानुवर्षं साथ देणारी टॉर्च मिळते.

मोबाइलचा दिवा घरात चावी शोधायला ठीक आहे. चार-पाच पावलांपलीकडचं तो धड दाखवत नाही, पावसात ओल्या बोटांनी तो पटकन लागत नाही, आणि अडचणीत ज्या फोनवरून मदत मागायची त्याचंच चार्जिंग तो खातो.

१. टॉर्च कुठे लागणार, ते आधी ठरवा

'सगळीकडे' हे उत्तर देऊ नका. त्या उत्तराने माणूस हातभर लांब टॉर्च घेतो आणि ती कपाटात पडून राहते.

शहरात राहत असाल तर टॉर्च लागते ती जिन्यातली वीज गेल्यावर, पार्किंगमध्ये, गाडीच्या सीटखाली काही पडल्यावर, रात्री उशिरा स्टेशनवरून घरी येताना. इथे उजेड फार लागत नाही. टॉर्च खिशात जाणवता कामा नये, एवढीच मुख्य अट.

शेतावर गोष्ट वेगळी. शेतीपंपाला अजूनही अनेक भागांत रात्रीच्या पाळीची वीज मिळते, आणि मोटर चालू करायला, पाणी वळवायला अंधारात बांधावरून जावं लागतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते, आणि घोणस पाचोळ्यात अशी मिसळून जाते की पाय पडेपर्यंत कळत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले. शेतकऱ्याला लागते ती पायासमोरची दहा-बारा फूट जमीन स्वच्छ दाखवणारी, चिखलात पडली तरी चालणारी आणि तासन्‌तास टिकणारी टॉर्च.

ट्रेकर्सना दोन्ही लागतं: पायाखालचा पसरट उजेड, आणि वाट चुकल्यावर समोरचा कडा किंवा पुढची खूण दिसेल इतका पल्ला. मात्र अख्खी रात्रचाल करायची असेल तर डोक्याला लावायचा हेडलॅम्पच मुख्य ठेवा. कळसूबाईच्या शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. खिशातली टॉर्च तिथे जोडीला.

२. सेल ठरवा, टॉर्च त्याच्या मागून ठरते

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. टॉर्चचं आकारमान, उजेड, टिकण्याचा वेळ आणि पुढचा खर्च हे सगळं सेलवर ठरतं. तुमच्यासमोर मुख्यतः हे पर्याय असतील.

*एए, म्हणजे रिमोट-घड्याळाचा मोठा पेन्सिल सेल.* कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतो, हाच याचा सगळ्यात मोठा गुण. टॉर्च बोटाएवढी होते. उजेड साधारण शंभर-दोनशे ल्यूमेनपर्यंत, आणि रोजच्या कामाला तेवढा पुरतो. फक्त साधे अल्कलाइन किंवा झिंकचे सेल टॉर्चमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. ते पाझरतात, आतली स्प्रिंग हिरवी पडते आणि चांगली टॉर्च फुकट जाते. पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे एए सेल घ्या. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून बिचकू नका, टॉर्चला ते उत्तम चालतात.

*१४५००.* आकार जवळपास एएचाच, पण हा ३.७ व्होल्टचा लिथियम-आयन सेल. उजेड एएच्या कितीतरी पट जास्त, क्षमता मात्र ८०० ते १००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) आसपास, त्यामुळे पूर्ण उजेडावर लवकर संपतो. काही टॉर्च एए आणि १४५०० दोन्ही घेतात. नव्या माणसाला मी आवर्जून सुचवतो तो हाच प्रकार: रोज १४५०० वापरा, प्रवासात तो संपला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला एए टाका. पण 'दोन्ही चालतात' असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. फक्त एएसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये १४५०० घातलात तर आतलं सर्किट जळू शकतं.

*१८६५०.* १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत असायचे तेच हे सेल. क्षमता ३००० ते ३५०० एमएएच. टॉर्च साधारण अकरा-बारा सेंटिमीटर लांब आणि सेलसकट शंभर-सव्वाशे ग्रॅमची होते. जीन्सच्या खिशात किंवा सॅकच्या पट्ट्याला बसते, शर्टाच्या खिशात जड वाटते. शेत आणि ट्रेकसाठी माझं पहिलं मत यालाच.

*२१७००.* याहून जाड आणि दमदार, पण रोज खिशात बाळगायला बोजड.

*तीन एएए, म्हणजे लहान पेन्सिल सेल, बसवायची प्लास्टिकची चौकट असलेली टॉर्च.* पुढेमागे सरकणाऱ्या तोंडाच्या स्वस्त झूम टॉर्च बहुधा अशा असतात. तीन सेल, तेवढेच जास्त सांधे. एक सेल कमजोर झाला की तिन्ही गेले. घेऊ नका.

*आत कायमचा बंद केलेला सेल.* दोन-तीन वर्षांनी सेल थकतो तेव्हा अख्खी टॉर्च टाकावी लागते. सेल बाहेर निघतो ना, एवढं नक्की विचारा.

आता या पायरीतला मोठा सापळा. बाजारात १८६५० आकाराच्या सेलवर ५०००, ६८००, अगदी ९९०० एमएएच छापलेलं दिसतं. या आकारात एवढी क्षमता बसतच नाही. साडेतीन हजारांच्या फार वर आकडा दिसला की तो सेल बनावट समजा. घरात स्वयंपाकाचा डिजिटल वजनकाटा असेल तर लगेच तपासता येतं. खरा १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. ३० ग्रॅम भरला तर आत लहान सेल घालून उरलेली जागा भरलेली असण्याचीच शक्यता जास्त. सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मुराता या मूळ उत्पादकांचे सेल खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्या. सॅमसंगचा ३०क्यू हा ३००० एमएएचचा आणि ३५ई हा ३५०० एमएएचचा. आकडे कसे प्रामाणिक असतात ते यावरून कळेल.

आणखी एक बारकी गोष्ट. 'प्रोटेक्टेड' सेलमध्ये संरक्षणाचं छोटं सर्किट असतं, त्यामुळे तो तीन-चार मिलिमीटर लांब होतो आणि काही टॉर्चमध्ये बसत नाही. काही टॉर्चना वर टोक आलेला सेल लागतो, काहींना सपाट. टॉर्चच्या माहितीत हे लिहिलेलं असतं. सेल मागवायच्या आधी वाचा.

३. ल्यूमेनचा आकडा वाचायला शिका

घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्यूमेन देतो. 'दहा हजार ल्यूमेन'ची खिशातली टॉर्च म्हणजे तसे अकरा बल्ब मुठीत. तीन पेन्सिल सेलमधून एवढी वीज निघूच शकत नाही. अशा जाहिरातींचा विचार इथेच संपतो.

पण प्रामाणिक कंपन्यांचे आकडेही नीट वाचावे लागतात. टॉर्च मोजण्याचं एफएल१ नावाचं एक मानक आहे. २००९ साली ते आलं आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. त्यात उजेड मोजला जातो तो टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंदांनी. टिकण्याचा वेळ मोजला जातो तो उजेड त्या आकड्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावर '१००० ल्यूमेन, ३ तास' लिहिलेलं असेल, तर तीन तास हजार ल्यूमेन मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. होतं असं, की दोन-तीन मिनिटं हजार, मग टॉर्च तापल्यामुळे सर्किट स्वतःच उजेड तीनशेवर आणतं, आणि बाकीचा वेळ त्यावर निघतो.

हिशेब स्वतः करून बघा. ३००० एमएएचचा सेल, ३.६ व्होल्ट: साधारण १०.८ वॅट-तास. एक वॅटमधून शंभरेक ल्यूमेन मिळतात असं धरलं तर हजार ल्यूमेनला दहा वॅट लागतात. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी जेमतेम एक तास. शिवाय दहा वॅटची बरीचशी उष्णता त्या चिमुकल्या ॲल्युमिनियमच्या नळीत साठते आणि थोड्याच वेळात ती हातात धरवत नाही. उजेड आपोआप उतरणं हा दोष धरू नका, ती सोय आहे. जी टॉर्च उतरत नाही ती एलईडी भाजून घेते.

मग लागतात किती? रात्री घरातल्या कुणालाही न उठवता पाणी प्यायला १ ते ५ ल्यूमेन. डांबरी रस्त्यावर चालायला ३० ते ६०. बांधावर, दगडधोंड्यांच्या वाटेवर १५० ते ३००. त्यावरचं सगळं क्षणभर लांबचं बघण्यापुरतं. खरेदीच्या वेळी 'हाय'चा आकडा बघण्याआधी 'मीडियम'वर किती तास चालते आणि 'लो' किती खाली जातो हे शोधा. सगळ्यात मंद पायरी ५० ल्यूमेनची असलेली टॉर्च मी रोजच्या वापराला घेऊ देत नाही. अंधाराला सरावलेले डोळे एका प्रखर झोताने बिघडले की पुन्हा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. मुक्कामाच्या ठिकाणी मध्यरात्री उठून भसकन मोठा उजेड पाडला तर तुमच्यासकट आजूबाजूच्या सगळ्यांचे डोळे दिपतात.

४. झोत: पसरट की लांब पल्ल्याचा

ल्यूमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जातो हे कँडेलावर, म्हणजे झोताच्या मध्यातल्या प्रखरतेवर ठरतं. सूत्र सोपं आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, तेवढे मीटर पल्ला. १०,००० कँडेला असतील तर २०० मीटर. पण हा पल्ला मोजतात तो जिथे पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजेड उरतो तिथपर्यंत. तिथे उभं असलेलं जनावर आहे की झुडूप, हे ओळखायचं असेल तर आकडा निम्मा धरा.

रोजच्या टॉर्चला शंभर-दीडशे मीटरचा पल्ला भरपूर झाला. त्याहून लांब फेकणाऱ्या टॉर्चचा झोत अरुंद असतो, आणि पायाजवळ नेमका उजेड पडत नाही. आतला परावर्तक गुळगुळीत आरशासारखा असेल तर झोत टोकदार. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर कडेला मऊ पसरलेला. चालायला खडबडीत बरा.

झूम टॉर्चबद्दल पुन्हा सांगतो, कारण दुकानदार हमखास तीच पुढे करतात. तोंड ओढलं की भिंतीवर एलईडीचा चौकोनी ठिपका स्पष्ट उमटतो आणि बघणारा खूश होतो. त्या वेळी बराचसा उजेड आतल्या आतच वाया जात असतो. शिवाय सरकणाऱ्या भागातून पाणी आणि माती आत शिरते.

५. बटण आणि मोड: 'टॅक्टिकल'पैकी काय घ्यायचं, काय सोडायचं

टॅक्टिकल टॉर्च मुळात पोलीस आणि सैनिकांच्या कामासाठी घडली. त्यांच्या गरजांपैकी दोन आपल्याला खरोखर उपयोगी आहेत: अंधारात न चाचपडता अंगठ्याखाली येणारं मागचं बटण, आणि लावताच ठरलेला उजेड मिळण्याची खात्री.

मागच्या बटणात दोन प्रकार असतात. पहिल्यात अर्धवट दाबलं की उजेड, सोडलं की बंद. पूर्ण दाबून 'टक' वाजलं की कायम चालू. दुसऱ्यात पूर्ण दाबून सोडल्यावरच उजेड येतो, आणि चालू असताना अर्धवट दाबलं की मोड बदलतो. क्षणभर डोकावून बघायची सवय असेल तर पहिला घ्या. सतत मंद-प्रखर करायचं असेल तर दुसरा सोयीचा. कडेला असणारं इलेक्ट्रॉनिक बटण तिसरं. ते हाताळायला सोपं, पण बंद असतानाही सेलमधून किंचित वीज खातं आणि खिशात चुकून दाबलं जातं. हजार ल्यूमेनची टॉर्च खिशात लागली तर कापड भाजू शकतं. त्यामुळे असं बटण असेल तर कुलूप लावायची सोय हवीच. बहुतेक चांगल्या टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीजजोड तुटतो. सगळ्यात भरवशाचं कुलूप हेच.

आता नको असलेलं. 'हाय-मीडियम-लो-स्ट्रोब-एसओएस' अशी पाच मोडची रांग स्वस्त टॉर्चमध्ये सर्रास असते. मंद उजेड हवा म्हणून बटण दाबत गेलात की प्रत्येक वेळी मध्ये लखलखणारा स्ट्रोब येतो. महिनाभरात जीव नकोसा होतो. स्ट्रोब असलाच तर तो वेगळ्या, लपवलेल्या पायरीवर असावा, उदाहरणार्थ दोनदा-तीनदा भराभर दाबल्यावर लागणारा.

तोंडाच्या टोकदार दात्यांनी खिसा फाटतो, बाकी फारसा उपयोग नाही. बोथट, लहान दाते असतील तर एवढंच होतं की टॉर्च तोंडावर उभी ठेवली तरी चालू आहे हे कडेने दिसतं. टॉर्चमध्येच विजेचा शॉक देणारं यंत्र किंवा लेझर असलेल्या वस्तू मात्र अजिबात घेऊ नका. मुलांच्या हाती लागणारी वस्तू आहे ही.

स्वसंरक्षणाबद्दल बहिणी-मैत्रिणी नेहमी विचारतात म्हणून लिहितो. अंधारात अचानक डोळ्यांवर पडलेला प्रखर झोत समोरच्याला काही क्षण गोंधळात टाकतो. ते क्षण तिथून निघून जायला आणि आरडाओरडा करायला वापरा. टॉर्चवर त्याहून जास्त विसंबू नका.

६. उजेडाचा रंग

याकडे नवखे लोक बघत नाहीत, आणि मला मात्र ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड ल्यूमेनच्या आकड्यात जास्त भरतो, पण पाचोळा, माती, दगड सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. ४००० ते ५००० केल्विनच्या उजेडात तपकिरीच्या छटा वेगळ्या होतात आणि पाचोळ्यातली घोणस पाचोळ्याहून निराळी दिसायची शक्यता वाढते. धुक्यात आणि पावसातही हा उजेड डोळ्यांवर कमी उलटतो. सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं शंभरपैकी माप) ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर रंग आणखी खरे दिसतात. ल्यूमेन थोडे कमी मिळतील. खुशाल मिळू देत.

'क्री टी६ एलईडी' असं लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. टी६ ही क्री या कंपनीच्या एका जुन्या एलईडीची उजेडाची प्रत होती, आणि आता ती अक्षरं कुठल्याही नकली एलईडीवर छापतात.

७. अंग, पाणी आणि क्लिप

आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनी सांगते. कोकणात, घाटावर पावसात वापरायची असेल तर आयपीएक्स७च्या खाली जाऊ नका. टॉर्च ओढ्यात पडते, तेव्हा ती शिंतोड्यांवर थांबत नाही.

दोन्ही दिशांनी खोचता येणारी क्लिप मिळाली तर बघा. टोपीच्या पुढच्या पट्टीला अडकवली की ऐन वेळी हेडलॅम्पचं काम होतं. मागे चुंबक असेल तर पंक्चर काढताना टॉर्च गाडीच्या पत्र्याला चिकटते, मोठी सोय आहे. पण तीच टॉर्च होकायंत्राजवळ किंवा पाकिटातल्या पट्टीवाल्या कार्डांजवळ ठेवू नका.

टाइप-सी चार्जिंगचं भोक टॉर्चवरच असेल तर वेगळा चार्जर लागत नाही. काही टॉर्च दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर मात्र चार्जच होत नाहीत, जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलवरच होतात. आलेली टॉर्च बिघडलेली आहे असं समजून परत करण्याआधी केबल बदलून बघा.

८. मी काय सुचवतो

शहरासाठी: एए आणि १४५०० दोन्ही घेणारी, एका बटणाची टॉर्च. सोफिर्न एसपी१० प्रो हे याचं उदाहरण. तिच्यातलं अँडुरिल हे सॉफ्टवेअर बरंच काही करतं, म्हणून सुरुवातीला फक्त तीन गोष्टी शिका: एकदा दाबून चालू-बंद, धरून ठेवून उजेड कमी-जास्त, आणि बंद असताना चारदा दाबून कुलूप. आई-वडिलांना द्यायची असेल तर मात्र अँडुरिल नको. साधी दोन-तीन मोडची एए टॉर्च द्या.

शेतासाठी: १८६५०, मागे टकटक बटण, कमीत कमी मोड. कॉन्व्हॉय एस२+ हा याचा जुना, साधा आणि दुरुस्त करता येणारा नमुना. बटण बिघडलं तर बटण बदलता येतं.

ट्रेक आणि सगळ्याला मिळून एकच हवी असेल तर वर्कोस एफसी११च्या जातीची: १८६५०, कडेचं बटण, टाइप-सी, मागे चुंबक.

या चिनी कंपन्या आहेत आणि त्यांचा माल आपल्याकडे कधी मिळतो, कधी संपतो. नाव मिळालं नाही तर वरच्या पायऱ्यांतल्या अटी घेऊन दुसरी शोधा. फेनिक्स, नाइटकोर यांच्या लहान टॉर्च महाग, पण आकडे प्रामाणिक असतात.

९. खरेदी करताना जवळ काय असावं

अलीएक्सप्रेस या चिनी खरेदीच्या संकेतस्थळावर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत सांगितलेला 'तिथून मागवा' हा सल्ला सोडून द्या. परदेशी संकेतस्थळावरून मागवलंत तर सीमाशुल्क वेगळं भरावं लागतं, आणि सेल बहुधा सोबत येत नाही. भारतातल्या संकेतस्थळांवर घेताना वस्तूच्या नावाइतकंच विक्रेत्याचं नाव बघा. प्रत्यक्ष हाताळून घ्यायची असेल तर पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ इथे दुकानांची रांग आहे. बटण दाबून बघता येतं, हा त्यातला फायदा. वॉरंटी बहुधा तोंडी असते, हा तोटा.

हे सांभाळून ठेवा:

- जीएसटी क्रमांक असलेलं बिल. तोंडी 'बदलून देऊ'चा उपयोग नाही.
- वॉरंटीचं कार्ड किंवा ऑर्डरचा ई-मेल.
- खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ. परत करताना वाद झाला तर कामी येतो.
- सेलवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) क्रमांक. भारतात विकायच्या लिथियम सेलला आयएस १६०४६ खाली नोंदणी सक्तीची आहे. 'आर-' ने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा आहे का ते बघता येतं.

अवजारं म्हणाल तर स्वयंपाकाचा वजनकाटा, साधा मल्टिमीटर, कानकोरण्याच्या कापसाच्या काड्या, थोडं सिलिकॉन ग्रीस आणि सेल ठेवायची प्लास्टिकची डबी.

१०. पहिल्याच संध्याकाळी तपासा

परत करायची मुदत थोडी असते, म्हणून टॉर्च आली त्याच दिवशी हे करा.

सेल पूर्ण चार्ज करा. मल्टिमीटरवर ४.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग खोलीत पूर्ण अंधार करून टॉर्च टेबलावर उभी ठेवा, झोत छताकडे. मोबाइलवर प्रकाश मोजणारं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि फोन टेबलावर एकाच जागी ठेवून आकडा लिहा: लावताच, ३० सेकंदांनी, दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी. आकड्यांना स्वतंत्र अर्थ नाही, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण सगळं सांगतं. पहिल्या दोन मिनिटांत साठ-सत्तर टक्क्यांवर येऊन तिथे स्थिरावली तर उत्तम. दहा मिनिटांत चतुर्थांशावर आली, तर खोक्यावरचा मोठा आकडा निव्वळ दाखवण्यापुरता होता. या वेळात अंग किती तापतं तेही हाताने बघत राहा.

मग मंद उजेडावर लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे पळताना दिसले तर उजेड वेगाने चालू-बंद करून मंद केलेला आहे. हलके पट्टे चालतील. हात हलवल्यावर नुसत्या डोळ्यांनाही तुटक दिसत असेल तर परत करा.

झाकणाच्या आट्यांतलं रबरी कडं जागेवर आहे ना, हे बघून टॉर्च बंद करून पाण्याच्या भांड्यात अर्धा तास बुडवून ठेवा. ही चाचणी फक्त आयपीएक्स७ किंवा ८ लिहिलेल्या टॉर्चसाठी, आणि चार्जिंगच्या भोकाचं झाकण घट्ट दाबून. काढल्यावर काचेच्या आतून धुकं दिसलं तर पाणी शिरलं.

११. वापरताना

महिन्या-दोन महिन्यांनी मागचं झाकण काढा. आट्या काळ्या पडलेल्या दिसतील. ती ॲल्युमिनियमची पूड असते. काडीने पुसा, कड्याला ग्रीसचं बोट लावा, झाकण घट्ट करा. उजेड लुकलुकायला लागला की दहातल्या नऊ वेळा कारण हेच असतं, आणि लोक मात्र एलईडी गेला म्हणून टॉर्च टाकून देतात.

सेल पूर्ण संपेपर्यंत वापरू नका. उजेड उतरला की चार्ज करा. उन्हात उभ्या गाडीत टॉर्च ठेवू नका. सुटा सेल नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, दोन्ही टोकं जोडली गेली तर सेल पेट घेऊ शकतो. विमानात सुटे लिथियम सेल सामानात देता येत नाहीत. हातातल्या बॅगेत, डबीत घालून न्या.

समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेवर झोत मारू नका. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला जात असाल तर टॉर्च सगळ्यात मंद उजेडावर आणि जमिनीकडे ठेवा. काजवे उजेडानेच एकमेकांना शोधतात, आपल्या झोतात त्यांना जोडीदार दिसत नाही. जुन्नरसारख्या बिबट्याच्या भागात रात्री चालताना मात्र टॉर्च चालू ठेवा आणि मोठ्याने बोलत चला.

सेलचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं, तो फुगला किंवा चार्ज होताना जास्त तापायला लागला, तर त्याचा वापर त्याच दिवशी थांबवा. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.